टाचणी लावलेली पानं

कॉलेजचा कागद अकरा दिवस भिंतीतल्या देवळीत पडून होता. सही माझी पाहिजे होती, आणि मी करत नव्हतो.

माझी धाकटी पोरगी चंद्रपूरला एका कॉलेजात रोग्यांची सेवा करायचं शिकते. रोग्याला उठवणं, बसवणं, पुसणं, भरवणं, लघवीचं भांडं देणं. तिची माय गेल्यावर तीनच महिन्यांत तिनं तिथं नाव घातलं. आता तीन महिने नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात काम शिकायला जायचं होतं. बापानं सही केल्याशिवाय नेत नव्हते.

मला त्या कॉलेजात काहीतरी गडबड वाटत होती. शिकवणं फुकट, कपडे फुकट, जेवण फुकट. आमच्या पोंभुर्ण्याकडच्या जंगलात फुकट फक्त मच्छर चावतात. मिरची तोडायला नेतो म्हणून जीपमध्ये भरून नेणारे लोक मी पाहिले आहेत. तेसुद्धा आधी गोडच बोलतात. म्हणून एक दिवस पोरीला न सांगता मी बस धरून कॉलेजात गेलो.

दारात एक मॅडम भेटली.

"कोणाला भेटायचं, भाऊ?"

"पोरीले पाहाले आलो."

"पोरीला का कॉलेजला?"

"दोन्हीले."

ती हसली आणि मला वर्गात घेऊन गेली. तिथं पलंगावर रबराची एक बाई झोपवली होती, छातीपर्यंत चादर. एक मुलगी तिच्या कानाशी वाकून सांगत होती, "आजी, आता तुमाले डाव्या कुशीवर घेतो. घाबरू नका."

मी म्हटलं, "रबराच्या बाईले काय सांगता? तिले ऐकू येते का?"

"नाई येत, काका. म्हणून शिव्याही देत नाई," ती मुलगी म्हणाली. "वॉर्डातली आजी देते."

सगळ्या हसल्या. माझी पोरगी हसली नाही. तिनं मला पाहिलं आणि पुढ्यातली वही पटकन मिटून मांडीखाली दाबली. मी बायकोसोबत पस्तीस वर्षं काढली, लपवणाऱ्या बाईचा हात मला ओळखू येतो.

तेव्हापासून माझं लक्ष त्या वहीवरच. घरी आली की ती वही आधी तांदळाच्या कोठीमागं जायची. अभ्यास करताना पाठ माझ्याकडं. मला वाटलं, एखाद्या पोराच्या चिठ्ठ्या असतील. नाहीतर नागपूरच्या पुढं कुठं नेणार आहेत त्याचा पत्ता असेल. विचारलं तर म्हणायची, "काही नाई बाबा, कॉलेजचंच हाये."

कागद येऊन बाराव्या दिवशी ती वही घरी विसरून कॉलेजला गेली. मी कोठीमागून काढली. चौथी शिकलो आहे, बोट ठेवून वाचता येतं. पानोपानी हात धुणं, ताप पाहणं, चादर बदलणं. मधली दोन पानं मात्र तिन्ही बाजूंनी टाचण्या लावून बंद केलेली. मला वाटलं, सापडलं. एकेक टाचणी ओढून काढली.

आत माणसाच्या पाठीचं चित्र होतं. खांद्यावर, कमरेखाली, टाचेवर लाल ठिपके. खाली तिच्या अक्षरात लिहिलेलं, "लकव्याच्या रोग्याला झोळ पडलेल्या खाटेवर ठेवू नये. दर दोन तासांनी कूस बदलावी. ही जखम टाळता येते."

मी ते तीनदा वाचलं.

तिच्या मायला लकवा झाला तेव्हा मी तिला सुतळीच्या बाजेवर ठेवलं होतं. सरकारी दवाखान्याकडून घरोघर फिरणारी आशाताई येऊन म्हणाली, "भाऊ, बाईले खाली घ्या. सतरंजीवर जाड गादी टाका, कूस बदलत राहा. बाजेच्या झोळात पाठ सडून जाते."

आमच्याकडं माणसाला खाली घेतात ते शेवटच्या घडीला. जमिनीवर घेतलं की शेजारी दारात येऊन उभे राहतात. मी तिला म्हटलं, "माही बायको जित्ती हाये अजून. तुले तिले खाली उतरवाची एवढी घाई काऊन?" मला वाटलं, हिला सरकारी कागदावर काम दाखवायचं असेल. दुसऱ्यांदा आली तर दारातूनच परत पाठवली. पोरगी तेव्हा चुलीपाशी होती. "बाबा, ताई बरोबर सांगत असन," एवढंच बोलली. मी डोळे वटारले, ती गप्प झाली.

मग कमरेखाली जखम पडली. मी हळद लावली, मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल लावलं. वास यायला लागला तेव्हा उदबत्ती लावली. हलवलं तर त्रास होईल म्हणून हलवलं नाही. ताप चढला आणि गेली. खाली घेतली तेव्हा तिच्या पाठीवर सुतळीचे वळ होते.

पोरगी पाचच्या बसनं आली. वही माझ्या मांडीवर उघडी होती. तिनं पिशवी खाली ठेवली.

"हे काऊन लपवलं?"

"तुमाले वाचता येते म्हणून."

"तुले कवा कळलं हे?"

"दुसऱ्या महिन्यात. त्या दिवशी वर्गातून उठून बाहेर गेली होती मी. मॅडमले वाटलं, पोट दुखून राह्यलं."

"मंग मीच मारलं का तिले?"

ती माझ्याजवळ जमिनीवर बसली. मग म्हणाली, "लकवा मोठाच होता बाबा. माय वाचली असती का, मले नाई सांगता येत. पण जखम झाली नसती."

"दुखलं असन तिले?"

"हो. लई दुखलं असन. सांगता येत नव्हतं तिले."

तेरवीला जो आला तो म्हणून गेला होता, सुटली बिचारी, तिला काही समजत नव्हतं. एकाचाही मला भरोसा वाटला नव्हता. पोरीच्या तोंडाकडं मी पाहत राहिलो. गोड बोलायचं असतं तर तिला सोपं होतं. माझ्यासाठी तिनं टाचण्या लावल्या होत्या, पण मी विचारलं तेव्हा ती खोटं बोलली नाही.

"आण तो कागद," मी म्हटलं.

तिनं आणला. पेन दिला. मी सही केली, अक्षर रेषेच्या खाली गेलं.

मग विचारलं, "नागपूरले तुमा पोरींसंग कोण राहाते?"

"मॅडम राहाते. दवाखान्याच्या मागंच खोल्या आहेत."

मी जेवून हात धुतला आणि परत विचारलं. तिनं परत तेच सांगितलं.