मास्तरांचा पाइन आणि गावचा लव्हाळा

श्रीपाद हलगेकर मास्तर एकच गोष्ट तीनदा समजावून सांगत. तिसऱ्यांदा सांगताना ते चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसत. चष्मा नाकावरून उतरला की वर्गाला कळे, मास्तर वैतागले.

जन्म बेळगावच्या शहापुरातला. व्हर्नाक्युलर फायनल झाले, धारवाडला ट्रेनिंग केलं आणि लोकल बोर्डाच्या शाळांतून फिरत १९३३ साली कडोलीच्या पलीकडच्या एका गावात हेडमास्तर म्हणून आले. बायको पद्मजा शहापुरातच राहिली. शनिवारी दुपारी सायकलवरून घरी जायचं, सोमवारी सकाळी परत यायचं. या गावात त्यांना एकच गोष्ट मनापासून हवी होती. शाळेमागच्या, पावसात पाणी साचणाऱ्या मोकळ्या जागेत झाडांची बाग करायची, आणि पोरांना झाड पुस्तकातून न शिकवता झाडापाशी उभं राहून शिकवायचं.

तीच जागा मारुतीरावांनाही हवी होती. मारुतीराव शाळा कमिटीचे प्रमुख. तरुणपणी कुस्त्या मारलेले, आणि गावात तालीम नाही याची खंत बाळगणारे. दोघांत भांडण असं झालं नाही. मारुतीरावांनी चावडीत सगळ्यांसमोर अट घातली.

"मास्तर, तुमी म्हणताय हितं झाडं हुतील. आमी म्हणतोय, चिखलात झाडं हुईत न्हाईत, पैलवान हुतील. तर तुमी तुमचं एक झाड लावून दावा. फुडल्या वर्साच्या दसऱ्याला हिरवं दिसलं तर जागा तुमची."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर माझी. कुदळ हाय तयार."

मास्तरांनी आंबा लावला असता तर हा लेख लिहायचं कारणच पडलं नसतं. पण आंबा गावात कुणीही लावतो, त्यात शिकवायचं काय, असं त्यांचं म्हणणं. बेळगावच्या लष्करी कॅम्पात एका बंगल्यावर भावकू नावाचा माळी ओळखीचा होता. त्याच्याकडून त्यांनी पाइनचं हातभर रोप आणलं. सोबत त्या बंगल्यातल्या जुन्या पाइनखालची पाटीभर माती आणली. सायकलच्या हँडलला एका बाजूला रोप, दुसऱ्या बाजूला माती.

मृगात त्यांनी जागेच्या वरच्या कडेला मुरूम आणि खडीचा उंचवटा केला आणि त्यावर रोप लावलं. दुसऱ्या दिवशी चौथीचा वर्ग तिथेच भरवला. एका हातात त्या जागेतूनच उपटलेला लव्हाळा.

"ही दोन झाडं नीट बघा. या पाइनला ऊन हवं, उतार हवा, पायाखाली भुसभुशीत मुरूम हवा. मुळाशी पाणी साचलं की मुळं गुदमरतात. याच्या मुळांना एक पांढरी बुरशी लागते. ती परक्या मातीत नसते, म्हणून ती मी बेळगावाहून आणली. वाढायला याला वर्षानुवर्षं लागतात. पण वाढल्यावर याच्यापासून राळ मिळते, टर्पेंटाइन मिळतं. सामानाची खोकी करतात ती असल्याच लाकडाची. आणि हा लव्हाळा. याला काही नको. चिकट माती चालते, पाणी साचलेलं चालतं. खाली बघा, गाठींची माळ आहे. नांगराने माळ तुटली की एकेका गाठीतून नवा लव्हाळा येतो. तुमचे आजोबा याला शिव्या देतात. पण ह्याच गाठी वाळवून दुकानात नागरमोथा म्हणून विकतात. दिवाळीला उटण्यात असतो तो. तापाच्या काढ्यात असतो."

"मग ह्यातलं चांगलं कुठलं, मास्तर?" कुणीतरी विचारलं.

चष्मा उतरला. "चांगलं-वाईट मी म्हटलंच नाही. एकाला लागतं ते दुसऱ्याला मारतं, एवढंच म्हटलं."

एवढंच कुणी ऐकलं नाही.

पावसाळा नीट गेला. रोपाने दोन बोटं नवा शेंडा काढला. कार्तिकात विहिरीवरून परतताना राजाबाई तिथे थांबली. राजाबाई म्हणजे शाळेच्या शेजारच्या घरातली म्हातारी. तोंडाने फटकळ, आणि तहानलेलं काही दिसलं की राहवत नाही अशी. तिने पाइनच्या सुयांसारख्या पानांकडे पाहिलं आणि कमरेवरची घागर कलती केली.

"राजाक्का, पाणी घालू नका!" मास्तर वर्गातून धावत आले.

"का रं बाबा? वाळून कोळ झालंय की."

"वाळलेलं नाही ते. त्याची पानं तशीच असतात."

"पान हाय का सुई हाय, मला कळतंय. मुकं झाड त्ये, मागणार कसं?"

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा पाणी घातलं. मास्तरांनी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी पाटी लावली : 'झाडास पाणी घालू नये.' राजाबाईला वाचता येत नव्हतं. ज्यांना येत होतं त्यांनी तिला वाचून दाखवलं, आणि गावात चर्चा सुरू झाली. झाडाला पाणी घालू नका असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मास्तरांनी काटेरी कुंपण केलं, तशी चर्चा वाढली. मधल्या सुट्टीत ते स्वतः कुंपणापाशी उभे राहू लागले, तेव्हा गावाचा निकाल लागला. कॅम्पातून आणलेलं झाड. बामण मास्तर कुणाला हात लावू देत नाही, स्वतः राखण करतो. म्हणजे झाडात काहीतरी आहे.

एका मंगळवारी कुंपणाच्या काठीला कुंकू दिसलं. राजाबाईची आटलेली म्हैस त्याच आठवड्यात पान्हवली होती. पुढच्या मंगळवारी घागरी पाच झाल्या.

"अहो, मरेल ते!" मास्तर प्रत्येकीला सांगत.

"देवाचं कुटं मरतंय?" बायका म्हणत.

तरीही झाड तगून होतं, कारण उंचवटा मुरमाचा होता आणि घातलेलं पाणी उतारावरून निघून जात होतं. मास्तरांनी हे ओळखलं होतं. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत ते निर्धास्त मनाने शहापूरला गेले.

जूनमध्ये परतले तेव्हा उंचवटा दिसेना. तिथे दगडी पार उभा होता, चौकोनी, कमरेएवढा, चुन्याने सांधलेला. आत काळाभोर गाळ गच्च भरलेला आणि त्यातून पाइनचा शेंडा वीतभर वर आलेला. पारावर नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या.

मारुतीराव हजर होते, आणि खूश होते.

"मास्तर, न्हाई म्हणू नका, पर तुमच्या झाडाला खायाला कायबी नव्हतं. नुसती खडी! उद्या वाळलं असतं तर गाव म्हणालं असतं, मारुतीरावानं जागंसाठी मारलं. आपल्याला असलं जिंकाय नको. तळं उपसलं न्हवं का, त्यातला गाळ टाकलाय. चार गाड्या. माझ्या उसाला जायाचा हुता, तसला सोन्यासारखा गाळ!"

तळ्याचा गाळ म्हणजे या भागात शेतकरी शेतकऱ्याला देऊ शकेल अशी सर्वांत मोठी भेट. ती स्वतःच्या शेतातली वळवून प्रतिस्पर्ध्याने त्यांच्या झाडाला दिली होती.

"मारुतीराव, बुंधा पुरलात तुम्ही. त्याला हवा लागते. पाऊस पडला की हा गाळ पाणी धरून बसेल."

"पाणी धरतोय म्हणून तर टाकला!"

मास्तरांनी शाळेतून फावडं आणलं. पहिलं फावडं गाळात घालायच्या आत राजाबाई आणि आणखी चार बायका पाराभोवती उभ्या राहिल्या. नारळ फुटलेला पार उकरायचा? मास्तरांनी समजावून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा चष्मा काढला, पण पुसायला सोगा हातात घेतला आणि न पुसताच चष्मा परत नाकावर ठेवून फावडं शाळेत ठेवून आले.

श्रावणात पाइनचा शेंडा तांबूस झाला. भाद्रपदात सुया हात लावताच गळू लागल्या. पारात मात्र हिरवळ दाटली. गाळाबरोबर तळ्याकाठच्या गाठी आल्या होत्या. लव्हाळा घोट्याएवढा झाला, मग गुडघ्याएवढा. लांबून पाहणाऱ्याला पार हिरवागार दिसे.

दसऱ्याला मारुतीराव कुदळ घेऊन आले. झाड खडखडीत वाळलेलं होतं, तेव्हा जागा त्यांची, यात वाद नव्हता. मास्तरांनी तसं कबूलही केलं. मारुतीरावांनी पहिला दगड हलवला, आणि बायका पुन्हा आल्या.

"काय करतोस रं मारुती?"

"तालमीचा हौदा खणायचा हाय. जागा माझी झालीय, आक्का."

"तुझी झाली आसंल. पार कुणाचा?"

"मीच बांधला की गं!"

"बांधलास, नारळ फोडलास. आता मोडतोस? घरात पोरंबाळं हाईत ती बघ की." राजाबाईने दगड परत जागेवर बसवला. मारुतीराव कुदळ घेऊन घरी गेले.

तेव्हापासून ती जागा ना बागेची झाली, ना तालमीची. डिप्टी साहेब शाळेच्या तपासणीला आले तेव्हा मास्तरांनी त्यांना ती दाखवली नाही. दिवाळीच्या तोंडावर त्यांनी एक शेवटचा प्रयत्न केला. बेळगावच्या बाजाराला निघालेल्या राजाबाईला ते म्हणाले, "राजाक्का, उटण्याचा नागरमोथा विकत कशाला आणता? इथे पारात तोच आहे. उपटून वाळवा. पारही मोकळा होईल."

"पारावरचा उपटून अंगाला चोळू? न्हाणीतनं पायाखाली जातंय की त्ये!" राजाबाई बेळगावाहून नागरमोथा घेऊन आली.

मास्तर त्या शाळेत १९४४ पर्यंत होते. संध्याकाळी शाळा सुटल्यावर ते पारावर बसत. मारुतीरावही येत. गावात सावली नसलेला पार तो एवढाच. दोघे शेजारी शेजारी बसत. एक तालमीच्या जागेकडे बघे, एक बागेच्या. पाठीमागे वाळकी काठी आणि लव्हाळा. दिवस कलला की राजाबाई घागर घेऊन येई.

"पाय वर घ्या रं," ती म्हणे. "पाणी घालायचं हाय."

मारुतीराव आधी घेत. मग मास्तर.