कादरभाईंसाठी राहून गेलेलं एक वाक्य

दारव्ह्याच्या एका पक्षकाराने कागद पुढे सरकवताना सहज सांगितलं, "बर्फ कारखान्यातला कादर मिस्त्री गेला ना, साहेब... बसल्या जागी." मी पुढचा कागद मागितला. पक्षकार निघून गेल्यावर मात्र त्या कागदातलं एक अक्षर मला लागेना. याला आता पाच आठवडे झाले.

कादरभाई आमच्या घरी येऊ लागले ते एअर कंडिशनरमुळे. कापसाच्या धंद्यातला एक साहेब यवतमाळ सोडून गेला, त्याच्या सामानाच्या लिलावात मी ते जुनं यंत्र घेतलं होतं. गावात अशी यंत्रं चार-पाचच, आणि त्यांना हात लावू शकणारा माणूस एकच. दर चैत्रात ते दारव्ह्याहून एसटीने यायचे. एक थर्मामीटर हवा आत ओढली जाते तिथे टांगायचे, दुसरा गार हवा बाहेर पडते तिथे, आणि पाय पसरून खाली बसायचे. "पंधरा मिनिटं याले बोलू द्या, वकीलसाहेब. खोटं बोलत असन तर पारा सांगन." दोन्ही पाऱ्यांत पुरेसा फरक पडला नाही, तर यंत्रातला गारवा देणारा गॅस कमी.

लागोपाठ दोन उन्हाळे तो कमी निघाला, आणि माझ्या मनात किडा शिरला. त्यात गळती शोधताना ते खोली बंद करून घ्यायचे. त्यांच्याकडे स्पिरिटचा छोटा दिवा होता. निसटणारा गॅस लागला की त्याची निळी ज्योत हिरवी होते. ज्योत हलू नये म्हणून पंखा बंद, दारं बंद, आणि तो धूर विषारी म्हणून आम्ही सगळे बाहेर. मी दाराला कान लावून उभा राही. एकदा आतून फुस्स असा आवाज आला. गॅस भरण्याआधी रबरी नळीतली हवा काढतात, तिचा तो आवाज, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मात्र वाटलं, हा माणूस गॅसच्या नळीचं झाकण ढिलं ठेवून जातो. वर्षभर गॅस सुटत राहतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा याचंच बोलावणं.

"काहून संशय घेता त्या माणसावर?" बायको म्हणाली. "किती घाम गाळते बिचारा."

"घाम आरोपीलाही येतो," मी म्हणालो.

ते गेल्यावर मी गॅस भरायच्या तांब्याच्या नळीचं झाकण पकडीने करकचून आवळलं. ते जरा फिरलं. मला तोच पुरावा वाटला! वर दोरा गुंडाळला, मृत्युपत्राच्या लिफाफ्यावर ओततात तशी लाख ओतली आणि माझा शिक्का उठवला. त्याच आठवड्यात कोर्टाच्या बाररूममध्ये मी हा पुरावा चहाबरोबर सगळ्यांना वाढला.

पुढच्या चैत्रात यंत्र नुसतं घरघरत होतं. कादरभाई आले आणि थर्मामीटर न टांगताच म्हणाले, "साहेब, दोन बंगल्यांवरून मले दारातूनच वापस पाठोलं. डॉक्टरसाहेब म्हणे, वकीलसाहेबाले इचार." मग दिवा पेटवून म्हणाले, "आज तुमी आतच थांबा. नाकाले रुमाल लावा."

नळीवरून ज्योत सरकत गेली... निळी, निळी, आणि लाखेखाली येताच हिरवीगार. दिवा विझवून त्यांनी लाख नखाने उकलली. खाली पकडीचे दात उमटलेले होते, आणि नळीला बारीक पीळ. "झाकण नव्हतं फिरलं, साहेब. नळी फिरली."

बायको चहा घेऊन आली. काय बिघडलं होतं, तिने विचारलं.

"जुनी मशीन हाये, बाईसाहेब. थरथरून थरथरून नळी चिरते," कादरभाई माझ्याकडे न बघता म्हणाले.

नळी जोडून, गॅस भरून झाल्यावर पायऱ्या उतरता उतरता ते थांबले. "बाररूममंधी एक शब्द टाकून द्या, साहेब. पैशाचं जाऊ द्या... पन लोक चोर म्हणून राह्यले मले."

"सांगतो," मी म्हणालो.

नाही सांगितलं. सांगायचं तर पकडीचंही सांगावं लागलं असतं. आज-उद्या करत तीन उन्हाळे गेले. त्यांना पुन्हा बोलवायची गरजही पडली नाही. ती नळी त्यांनी इतकी पक्की जोडली होती. बंगल्यांवरची कामं मात्र त्यांना परत मिळाली नाहीत, हे मला ठाऊक होतं.

ते वाक्य आता इथे छापून देतो आहे: कादरभाईंनी कुणाच्याही यंत्रातून गॅस सोडला नाही, आमची नळी मी स्वतः फोडली. त्याआधी परवा डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन त्यांना समोरासमोर हेच सांगितलं. ते मोठ्याने हसले. "अहो, मग बोलवा की त्याले! माझं मशीन दोन वर्षांपासून गरम हवा फेकून राह्यलं. मीच चिठ्ठी देतो, उद्याच येऊ द्या." त्यांनी कागद पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं आणि नाव विचारलं, "कादर काय?"

मग मला उरलेलंही सांगावं लागलं.