तिले बोलू दे

कुठलंही मशीन दिसलं की नाना आधी त्यावर उजवा तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "थांब. तिले बोलू दे." मशीन कुठलंही असो, त्यांच्या लेखी ती बाईच. पिठाची गिरणी, शेठची स्कूटर, एकदा तर आमच्या घरचा टेबलफॅन. मग निदान यायचं, "बेअरिंग सुकेल से." ते सहसा चुकायचं नाही.

तुम्हीही असे डॉक्टर पाहिले असतील. आमचे नाना बमरोलीला एका गुजराती शेठच्या लूमखात्यात मास्तर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. मूळचे चोपड्याकडचे. मी तिथेच तयार कापड तपासायच्या टेबलावर होतो. साठ माग एकदम सुरू झाले की शेजारचा माणूस काय ओरडतोय तेही कळत नाही, म्हणून आमचा सगळा कारभार खुणांनी चाले. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. मूठ छातीकडे ओढली की माग बंद कर. हवेत बोट गोल फिरवलं की चालू दे. आणि पोटावरून लांबरुंद हात फिरवला की शेठ आला. बाकीचं आम्ही ओठांवरून वाचायचो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्या दिवाळीला शेठने आम्हा चौघांना मिठाईच्या खोक्याऐवजी पार्कचे पास दिले. कामरेजच्या पुढे हायवेवर नवाच पार्क उघडला होता. वीज बंद असायच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही निघालो. नाना, मी आणि आमचे दोन कारीगर, सुकलाल आणि देविदास. नाना कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि टोपी घालून आले होते. लग्नाला निघाल्यासारखे. काखेत बायकोने दिलेल्या दशम्यांचं गाठोडं होतं.

गेटवर वॉचमनने गाठोडं अडवलं. "खावानुं अंदर नहीं लई जवाय."

"बरं," नाना म्हणाले आणि त्याच्यासमोरच टॉवेल अंथरला. बारा दशम्या आणि वाटीभर ठेचा आम्ही तिथेच बसून संपवला. त्यातल्या दोन वॉचमनने खाल्ल्या आणि ठेच्याने डोळ्यांत आलेलं पाणी पुसत आम्हाला आत सोडलं. एवढ्या भरल्या पोटी झोक्यावर बसू नये हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी आम्ही ऐकलं नसतं.

पण झोक्यावर बसू देतील ते नाना कसले! मोठ्या झुलत्या होडीपाशी गेले, खांबावर तळहात ठेवला, डोळे मिटले.

"काका, हाथ ना लगाडो," ऑपरेटर खेकसला.

"थांब. तिले बोलू दे." मग आमच्याकडे वळून मान हलवली. "बठू नका. कुरकुर करस ती."

दुसरा झोकाही असाच नापास झाला, तिसराही. शेवटी लाकडी घोड्यांचं चक्र तेवढं पास झालं, आणि आम्ही तीन मिशीवाले गडी घोड्यांवर बसून सहा वेळा फिरलो. नाना खाली उभे राहून हवेत बोट गोल फिरवत होते.

तोवर रांगेतल्या लोकांचं नानांकडे लक्ष गेलं होतं. पांढरा शर्ट, टोपी, गंभीर चेहरा. सरकारी तपासणीवाले साहेब आलेत असं कोणीतरी पसरवलं. नानांनी मान हलवली की अख्खी रांग पांगायची. देविदासने तर पुढे होऊन, "बाजू खसो, साहेब आवे छे," अशी हाळी द्यायला सुरुवात केली. मग मॅनेजर धावत आला. आम्ही लूमवाले आहोत हे कळल्यावर त्याचा पारा चढला. आकाशपाळण्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "आटला मोटा मास्तर छो, तो बेसीने बतावो!" बसून दाखवा म्हणे.

नानांचा चेहरा उतरला. पण आता प्रश्न लूमखात्याच्या इज्जतीचा होता. ते बसले, सोबत मी. सुकलाल आणि देविदास खाली राहिले. पाळणा वर गेला आणि खालची माणसं भरायला थांबला. अगदी टोकावर होतो आम्ही. खालचा गोंगाट तिथवर येत नव्हता, नुसता वारा.

"नाना, ती तापी का हो?" मी विचारलं.

नाना समोर बघत राहिले. मी पुन्हा विचारलं, मोठ्याने. काहीच नाही. घाबरलेत, असं मला वाटलं. मग मी त्यांच्या खांद्याला हात लावला, तसे ते दचकून वळले आणि माझ्या ओठांकडे बघू लागले.

"काही बोलना का तू?"

मागांच्या धडधडीत जे कोणालाच ऐकू येत नव्हतं, ते नानांना शांततेतही ऐकू येत नव्हतं.

त्यांना कळलं की मला कळलंय. "दोन वरीस व्हयनात," ते म्हणाले. "डावा गया, उजवाबी गया. बहिरा मास्तर कोन ठेवी? शेठले कळनं का घर बसनं पडी." मग माझं मनगट धरलं. "कोनले सांगू नको."

तेवढ्यात पाळणा हलला. नानांचा तळहात बाकाच्या दांड्यावर होता. त्यांनी डोळे मिटले, लगेच उघडले आणि खाली वाकून मूठ छातीकडे ओढू लागले, पुन्हा पुन्हा. ऑपरेटरला वाटलं, काका खूश आहेत. त्याने हसून हात हलवला आणि वेग वाढवला. पण सुकलाल कारीगर होता. "बंद कर! मास्तर बंद कर म्हणतोय!" ओरडत त्याने थेट बटणच दाबलं.

मोटरचा पट्टा निम्म्याहून जास्त फाटला होता. ऑपरेटर दिवसभर त्याच्या शेजारी बसला होता, त्याला पत्ता नव्हता. मॅनेजरने आम्हा चौघांना स्वतः चहा पाजला आणि विचारलं, "काका, संभळायुं केवी रीते?" ऐकू कसं आलं?

नाना त्याच्या ओठांकडे बघत होते. "कान तयार पाहिजेत," ते म्हणाले. मी कपात तोंड घातलं.

पुढे चार वर्षं नाना मास्तर राहिले. शेठ त्यांच्या पाठीमागून बोलू लागला की मी समोर उभा राहून तेच शब्द आवाज न करता बोलायचो. हात थरथरू लागला, तेव्हा मात्र त्यांनी आपणहून काम सोडलं. "आते ती बोलस, पन माले कळत नही," एवढंच म्हणाले. मला रडू आलं.

गावी परतताना त्यांना उधना स्टेशनवर गाडीत बसवायला मी गेलो होतो. डब्यात चढण्याआधी त्यांनी डब्याच्या पत्र्यावर तळहात ठेवला. मागून गर्दी ढकलत होती. "थांबा, तिले बोलू द्या!" गर्दी चक्क थांबली. मग नानांनी मान डोलावली आणि चढले.

गाडी हलली. खिडकीत त्यांचा चेहरा दिसला, तसा मी नुसते ओठ हलवले, "कोणालाच सांगितलं नाही, नाना." शेजारी उभ्या माणसालाही ते ऐकू गेलं नाही.

नानांना ऐकू गेलं. त्यांनी खिडकीबाहेर हात काढला आणि हवेत बोट गोल फिरवलं.