मखरातला कमांडर

“इसमें मैं कौन हूँ?”

कर्नलसाहेब टेबलावर वाकून विचारत होते. मी बोटाने दाखवलं. लाल फौजेच्या शिपायांमध्ये त्यांच्याएवढाच, बोटाच्या पेराएवढा एक बाहुला उभा होता. पायाखालच्या चकतीवर पिवळा ठिपका, एवढाच काय तो फरक. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“ये? ये तो मेरा ड्रायव्हर लगता है.”

झालं! पुलगावकडच्या एका फौजी ट्रेनिंग स्कूलची मॉडेल रूम मी सांभाळायचो, पण टेम्पररी. सत्तरचं दशक सरत आलं तरी टेम्पररीच. परमनंट करायची फाइल कर्नलसाहेबांकडे पडून होती. आणि कारंज्याचे माझे होणारे सासरे म्हणाले होते, “पोरगी देतो, पन नौकरी पक्की झाल्यावरच तारीख काढू.” म्हणजे माझं लग्न या साहेबांच्या सहीवर अडलं होतं.

मॉडेल रूम म्हणजे काय ते सांगतो. एक मोठं टेबल, त्यावर वाळू, भुशाची शेतं, पुठ्ठ्याच्या टेकड्या आणि लाकडी बाहुल्यांच्या दोन फौजा, लाल आणि निळी. अफसर लोक फासे टाकून त्यावर लढाई लढायचे. पोरखेळ वाटेल, पण नियम कडक. गोळी मारायची तर आधी डोळा टेबलाच्या पातळीला आणून बघायचं. शत्रूचा बाहुला दिसला तर मारता येतो, टेकडीआड असला तर नाही. आणि ज्याचा कमांडर मेला, त्या अफसराने खेळ संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. मेलेला माणूस हुकूम देतो का कधी?

पुढच्या आठवड्यात दिल्लीहून जनरलसाहेब इन्स्पेक्शनला येणार होते. त्यांच्यासमोर लाल फौज कर्नलसाहेब लढवणार, निळी त्यांच्या हाताखालचे मेजरसाहेब.

मी देवरावजींना गाठलं. हे आमचे सुतार, तळेगावचे. तान्ह्या पोळ्याला लेकरं चाकांचे लाकडी बैल ओढतात ना, ते करण्यात यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पोळ्यात मानाची बैलजोडी डोक्यावर सजवलेलं मखर बांधून सगळ्यांच्या पुढे निघते, आणि देवरावजींचं सगळं जग तिथूनच सुरू व्हायचं.

“बरोबरच हाये साहेबाचं,” ते म्हणाले. “मखरच नाई बांधलं तं मानाचा बैल ओयखू कसा येईन? काऊन भेऊन राह्यला बे? मी हावो ना!”

त्यांनी कमांडर आणला तेव्हा मी हबकलोच. चांगला वीतभर उंच. पांढरा घोडा, छाती पुढे, मिशा वर, डोक्यामागे सोनेरी मखर आणि मखरावर झेंडा. कर्नलसाहेबांनी तो हातात घेऊन चारी बाजूंनी बघितला. त्यांचा चेहरा असा खुलला की मला तर लग्नाचा मुहूर्तच दिसायला लागला.

“शाबाश! ये हुई ना बात!”

मी मेजरसाहेबांना विचारलं, “आपका भी बड़ा बनाएँ?”

ते गालातल्या गालात हसले. “नहीं, नहीं. हम छोटे ही ठीक हैं.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तसाच कर्नलसाहेबांकडे धावलो.

“साहब, ये ऊँचा है. दूर से दिखेगा.”

“दिखना ही चाहिए! कमांडर है!”

“तो टेकड़ी थोड़ी ऊँची कर दूँ?”

“खबरदार! नक्शे के हिसाब से है.”

देवरावजी मलाच डाफरले, “चूप बस ना बाप्पा! साहेब खूश हाये ना? मंग?”

इन्स्पेक्शनच्या दिवशी जनरलसाहेब स्वतः पंच झाले. कर्नलसाहेबांनी आपला कमांडर टेकडीमागे ठेवला आणि ऐटीत मागे सरले. मेजरसाहेबांनी गुडघे टेकून एक डोळा मिटला. टेकडीच्या वर घोड्याचं तोंड, छाती, मिशा, मखर, झेंडा, सगळा पोळा भरला होता.

“सर, दिखता है.”

जनरलसाहेबही वाकले. “बिलकुल दिखता है. मारो!”

फासा पडला. पहिल्याच डावात लाल फौजेचा कमांडर खलास. कर्नलसाहेब काही बोलायला गेले, तर जनरलसाहेबांनी ओठांवर बोट ठेवलं. “आप तो गुज़र गए.”

साहेब खुर्चीत बसले, लालबुंद. मला मात्र कारंज्याचा मांडव कोसळताना दिसत होता. लय वाईट वाटलं, आता लपवून काय उपयोग!

लाल फौज मग त्यांच्याच एका पोरगेल्या कॅप्टनने हाती घेतली. वरून कोणी ओरडणारं नाही म्हटल्यावर त्याने शांतपणे नाल्यानाल्यातून फौज फिरवली आणि जेवणाच्या सुट्टीआधी लढाई जिंकली. कर्नलसाहेबांच्या फौजेने, कर्नलसाहेबांशिवाय.

जनरलसाहेबांनी मखरवाला बाहुला उचलला. “ये किसने बनवाया?”

सगळी बोटं माझ्याकडे. देवरावजी कपाटामागे.

“मैंने, साहब.”

“वाह! ऐसा सबक किताब में नहीं मिलता. इस आदमी को जाने मत देना.”

कर्नलसाहेब ताडकन उठले. मेलेला माणूस बोलला! “सर, आयडिया तो मेरा ही था. अफसरों को सिखाने के लिए.”

आता आयडिया त्यांचा, मग सही कोण अडवणार? संध्याकाळीच झाली. फाइल माझ्याकडे सरकवताना साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, “और सुनो, मेरा वाला छोटा कर दो. ड्रायव्हर जितना.”

लग्न कारंज्याला झालं. बाशिंग मी लहानच बांधलं. पुढे कितीतरी साहेब आले आणि बहुतेकांना टेबलावर मोठं व्हायचं होतं. मी एकालाही नाही म्हटलं नाही. फक्त साहेबाच्या बाहुल्याला हात लावायच्या आधी गुपचूप टेकडी वाढवून ठेवायचो.