नकाशेवाल्याचं शेवटचं प्रकरण

माझं तोंड फटकळ आहे, हे धुळ्याच्या कोर्टात शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे. मी तिथे स्टेनो आहे. साक्षीदार जे बोलला तेच लिहायचं, त्याला काय म्हणायचं असेल ते नाही, ही सवय माझ्या हाडीमांसी खिळली आहे. घरी नवऱ्याने चार लोकांत एखादा किस्सा रंगवून सांगितला की मी मधेच "असं नव्हतं झालं" म्हणते, आणि मग परतीच्या वाटेवर तो माझ्याशी बोलत नाही.

आमचा पाच जणांचा एक कंपू होता. साक्रीकडचे एक प्राथमिक शिक्षक, एक मेडिकलवाले, कॉलेजात शिकवणारी एक मुलगी, मी आणि जळगावचे भाऊ. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी धुळ्यातल्या एका बाइंडिंगवाल्याच्या गच्चीवर आम्ही बसायचो आणि अद्भुत कादंबऱ्या, थरारक कादंबऱ्या आणि त्यांवर निघालेल्या मालिका यांवर तावातावाने भांडायचो. पन्नाशीची माणसं राक्षसांवरून आणि जादूच्या तलवारींवरून हमरीतुमरीवर येतात हे बघून तो बाइंडिंगवाला कपाळाला हात लावायचा. पण चहा पाठवायचा.

आमचा रिवाज ठरलेला होता. जाडजूड मालिकांचा एकच संच घ्यायचा, चिठ्ठ्या टाकून वाचायचा क्रम ठरवायचा, आणि शेवटच्या माणसाचं वाचून होईपर्यंत कोणी शेवटाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. सगळ्यांचं झालं की मग पडद्यावरचं काढायचं. त्या बैठकीला आम्ही 'फरक' म्हणायचो. पुस्तकात काय होतं, पडद्यावर काय केलं, एकेक फरक मी लघुलिपीत टिपून घ्यायचे आणि वाचून दाखवायचे. त्यात माझ्या तोंडाचा पट्टा सुटला की थांबायचा नाही. शेवट गोड करणाऱ्यांना तर मी धुऊन काढायचे. बघणाऱ्यांना काय दुधखुळे समजतात का, मेलेल्या माणसाला उठवून बसवतात, असं माझं चालायचं.

भाऊ तेवढे त्यांची बाजू घ्यायचे. ते जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात तीस वर्षं मशीनवर होते. शिक्षण दहावी नापास, वाचन आमच्या चौघांचं मिळून होणार नाही एवढं. आमच्याशी बोलायचे शुद्ध, पण मनातलं काही बोलायचं असलं की नरडाण्याकडची त्यांची अहिराणी आपोआप यायची. ते म्हणायचे, ताई, लोकांना सोसवत नाही म्हणून बदलतात, त्यात पाप काय आहे? मी म्हणायचे, सोसवत नसेल तर बघू नये.

गेल्या वर्षी आमची सात खंडांची एक अद्भुत कादंबरी चालू होती. एका बर्फाळ मुलखातून समुद्राकडे निघालेल्या सैन्याची गोष्ट. त्यात एक म्हातारा नकाशेवाला होता. आयुष्यभर त्याने समुद्राचे नकाशे काढलेले, समुद्र कधी पाहिलेला नाही. भाऊंचा जीव त्याच्यावर. राजे, राण्या, चेटकिणी गेल्या खड्ड्यात, हा म्हातारा पोचला पाहिजे, म्हणायचे. सातव्या खंडाच्या चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा माझा नंबर पहिला आला आणि भाऊंचा शेवटचा. तोवर मालिकेचा शेवटचा भागही येऊन गेला होता. आम्ही चौघांनी तो पाहिला. भाऊंनी वाचून झाल्याशिवाय बघायचा नाही म्हणून मोबाइलमधून ते ॲपच काढून टाकलं.

पुस्तक त्यांच्यापर्यंत पोचलं तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते.

त्यांच्या मुलाने मला फोन करून सांगितलं की पोटात गाठ आहे, फार पसरली आहे, डॉक्टरांनी हात टेकले आहेत. आम्ही त्यांना अल्सर सांगितलंय, म्हणाला, तुम्हीही तेच म्हणा, नाहीतर ते हाय खातील. मी बरं म्हटलं. अशा वेळी दुसरं काय म्हणतात? तो पुढे म्हणाला, सलाईनने त्यांचा हात सुजलाय, ते जाड पुस्तक त्यांना धरवत नाही, आमच्यापैकी कोणाच्या वाचण्याने त्यांचं समाधान होत नाही, तुम्ही याल का?

तेव्हापासून मी दर शनिवारी धुळ्याहून एसटीने जळगावला जायचे. दुपारी दोन तास वाचायचं आणि उजेडातच परत फिरायचं. भाऊ उशीला टेकून डोळे मिटून ऐकायचे. वहिनी दाराशी गहू निवडत बसायच्या. माणूस दर शनिवारी थोडा थोडा कमी झालेला दिसायचा आणि मी पहिल्याच वाक्याला तब्येत बरी दिसतेय म्हणायचे. खोटं बोलायची सवय नव्हती, तरी दुसऱ्या शनिवारपर्यंत ती लागलीसुद्धा.

तिसऱ्या शनिवारी वहिनी दळण आणायला गेल्या होत्या. भाऊंनी मला पुस्तक मिटायला सांगितलं आणि धाकट्या भावाचा विषय काढला. तो दोंडाईच्याला मिरचीच्या व्यापारात आहे एवढं मला माहीत होतं. नऊ वर्षं त्यांच्यात बोलणं नव्हतं. कारण काय, तर भाऊंच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत काकाचं नाव मामाच्या खाली छापलं गेलं. तो लग्नाला आला नाही. भाऊ म्हणाले, चूक छापणाऱ्याची, पण मी माफी मागायला हवी होती आणि मागितली नाही, आणि त्याने यायला हवं होतं आणि तो आला नाही. आता मी बरा होणार असेन तर मी का वाकू? त्याने यावं. पण बरा होणार नसेन तर अंगात उठण्याइतका जीव आहे तोवर मला त्याच्या दारात जायचंय.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ताई, घरना लोके माले पोरगं समजतस. तू नही समजणार. माले बठ्ठं खरं सांग. मी बरा व्हसू का?"

घरच्यांनी मला लहान मूल करून ठेवलंय, तू तसं करणार नाहीस, सगळं खरं सांगशील, असा त्यांचा भरवसा. आमच्या पाच जणांत त्यांनी मलाच का विचारलं ते मला तिथल्या तिथे समजलं. मी म्हटलं, "अल्सरला वेळ लागतो, भाऊ."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, वाच पुढे.

घरी येताना पारोळ्यापर्यंत मी स्वतःला समजावत होते की हा त्यांच्या घरचा मामला आहे, आपण उपऱ्या, मुलाला शब्द दिलाय. सगळं खरंच होतं. आणि तरी मला माझी लाज वाटत होती.

पुढच्या शनिवारी नकाशेवाल्याचं शेवटचं प्रकरण आलं. मला ते आधीच माहीत होतं. पुस्तकात तो समुद्र बघत नाही. खिंडीतल्या तळावर तापाने फणफणलेला असतो, बरोबरचे त्याला रोज सांगतात की उद्या निघायचंय, आणि एका सकाळी तंबूत तो मेलेला सापडतो. लेखकाने मरणाला अर्धं पानसुद्धा दिलेलं नाही. वाचताना मी त्या लेखकाला मनातून सलाम केला होता. आता तेच पान माझ्यासमोर होतं आणि पलीकडे भाऊ. त्यांचे गाल आत गेले होते आणि पोट फुगलं होतं.

माझी जीभ रेटेना. तंबूपर्यंत आले आणि तिथून जे सुचलं ते बोलत सुटले. नकाशेवाल्याचा ताप उतरला. दोघांनी त्याला डोलीत घालून टेकडीवर नेलं. खाली समुद्र पसरलेला होता आणि किनारा त्याने काढलेल्या रेषेबरहुकूम होता. नजर पुस्तकावरच ठेवून, वाचल्यासारखे सूर काढत मी हे सगळं रचत होते. हे मालिकेतलं आहे, एक महिन्यापूर्वी भाऊ नसताना, नियम मोडून, ज्याच्यावर गच्चीवर उभी राहून मी थुंकले होते तेच आहे, हे मला बोलता बोलता कळलं. थांबता येईना.

"ताई," भाऊ डोळे मिटूनच म्हणाले, "केव्हापासून पान उलटलं नाहीस तू."

तीस वर्षं मशीनसमोर काढलेला माणूस. कुठला धागा तुटला ते आवाजावरून ओळखायचे, असं त्यांचा मुलगा सांगायचा. मी दोन तास वाचत असताना ते पानं ऐकत होते हे माझ्या गावीही नव्हतं.

मी काही तरी बोलायला गेले. भाऊंनी हात हलवून मला थांबवलं. म्हणाले, हे पुस्तकातलं नाही, पडद्यावरचं असेल. रागाने नाही म्हणाले. उलट थोडं हसले. मग विचारलं, म्हातारा मरतो ना? मी मान डोलावली. कुठे? तंबूत. समुद्र? नाही बघत.

वहिनी दारात होत्या. त्या आमच्याकडे एकदा बघून खाली मान घालून गहू निवडत राहिल्या. भाऊंनी आवाज बारीक केला आणि म्हणाले, उद्या रविवार आहे, उद्या गाडी कर, दोंडाईच्याला जाऊ, मी मागे आडवा पडून राहीन, पोराला मी बघतो.

इतकं सोपं होतं ते. त्यांना कळलं होतं, माझ्या तोंडाने काही वदवून घ्यायची त्यांना गरजही राहिली नव्हती. मी फक्त हो म्हणायचं होतं. पण उद्या म्हटलं असतं तर उद्याच का, हेही मान्य केल्यासारखं झालं असतं. आणि मुलगा काय म्हणेल, वाटेत काही झालं तर कोण निस्तरणार, हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात येऊन गेलं. खरं सांगते, मी घाबरले. मी म्हटलं, "एवढी काय घाई आहे, भाऊ? अंगात जरा ताकद येऊ द्या. पुढच्या शनिवारी मी गाडी घेऊनच येते."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. मी नजर खाली केली नाही. कोर्टात उलटतपासणीला असं खोटं रेटणारे साक्षीदार मी शेकडो पाहिलेत, ते नजर कशी रोखून धरतात हे मला पाठ आहे.

"म्हंजे येळ शे अजून," ते म्हणाले आणि उशीवर सैल झाले.

अजून वेळ आहे. माझी लबाडी पकडून पाच मिनिटं झाली नव्हती, आणि या माणसाने पुन्हा माझ्यावर विश्वास ठेवला. उद्याचं काही बोलले नाहीत. राहिलेली पानं मी एकही शब्द न बदलता वाचली. आता त्याचा कोणाला काय उपयोग होता?

गुरुवारी सकाळी भाऊ गेले. मी पोचले तेव्हा पुरुष मंडळी त्यांना पोचवून परतली होती. दारात पायांवर पाणी घेऊन, कडुलिंबाचा पाला दातांखाली धरून एकेक जण बाजूला होत होता. ओट्याच्या टोकाला एक गृहस्थ एकटेच बसले होते. भाऊंचंच कपाळ, भाऊंचेच कान. वहिनींनी त्यांना काही सांगितलं असावं, कारण त्यांनी मला हाताने बोलावलं.

म्हणाले, तुम्ही पुस्तक वाचायला यायच्या ना? मी हो म्हटलं. त्यांनी सांगितलं की दीड महिन्यापूर्वी बहिणीच्या मुलाकडून त्यांना आजार कळला होता. रोज फोन समोर ठेवून बसायचे. आपण होऊन गेलो आणि मरणाऱ्या माणसाने तोंड फिरवलं तर, ही भीती. त्याला सगळं माहीत असणार आणि तरी बोलावत नाही, म्हणजे त्याला मरतानासुद्धा मी नको आहे, असं धरून चालले होते. मग थांबून त्यांनी विचारलं, "त्याले माहीत व्हतं का?"

त्यांना बरं वाटेल असं एखादं वाक्य मी सहज रचू शकले असते. शेवटी तुमचंच नाव घेत होते, वगैरे. दोन शनिवार तेच तर करत आले होते. मी म्हटलं, "नव्हतं. त्यांनी मला विचारलं होतं. मी अल्सर म्हटलं. गेल्या शनिवारी त्यांच्या लक्षात आलं. तुमच्या दारात यायचं होतं त्यांना, दुसऱ्याच दिवशी, रविवारी. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी जाऊ."

ते मला काही बोलतील, शिव्या देतील, निदान उठून जातील अशी मी वाट बघत होते. त्यांनी तोंडातला पाला हातात काढून घेतला.

"रविवारले मी दिनभर घरच व्हतू," ते म्हणाले.