अक्कांनी पाहिलेली माझी सोनोग्राफी

हे तुम्हाला सांगावं की नाही, इथपासूनच माझी पंचाईत आहे. पण आता चहा पुढ्यात आलाय, सांगून टाकते!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जळगावात माझा दवाखाना नवा, आणि सोनोग्राफीचं मशीन त्याहून नवं. लोकांना वाटायचं, त्यात फक्त बाळ दिसतं. मी मात्र मुंबईहून वेगळंच शिकून आले होते. लघवी धरून ठेवणारे तळाचे स्नायू काम करतात का, तेही पडद्यावर कळतं! स्नायू आवळले की मूत्राशयाचा तळ वर उचलला जातो. मी पहिल्या पेशंटची वाटच बघत होते.

सावद्याच्या अक्का आल्या, सुनेला घेऊन. साठी उलटलेली, जन्मभर केळीचे घड वाहिलेले. खोकला आला की लघवी व्हायची. नातीच्या हळदीलासुद्धा गेल्या नव्हत्या हो! सांगताना त्यांनी पदर तोंडाला लावला.

मूत्राशय भरावं म्हणून त्यांना भरपूर पाणी पाजलं, तासाभरानं पोटावर मशीनचा प्रोब ठेवला आणि थाटात म्हणाले, "अक्का, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं आकुंचन करा."

अक्कांनी डोळे मिटले, मुठी वळल्या, गाल फुगवले आणि असा जोर लावला की टेबल करकरलं! पडद्यावरचा तळ वर जायच्या ऐवजी खाली.

"अजून जोरात!"

अजून खाली.

मी गंभीर चेहरा केला. "स्नायू पार गेलेत. ऑपरेशन करावं लागेल."

अक्कांचे डोळे भरून आले. सून मात्र पुढे झाली. "डॉक्टरीनबाई, तुमी काय बोलल्या ते मलेच नही समजलं, त्याहिले काय समजीन? आत्याबाई, यष्टीत लघवी लागली अन् गाडी थांबेना, तशी धरा बरं."

"असं व्हय! मंग तसं सांगा ना व बाई!"

आणि काय सांगू! तळ टुणकन वर! वर गेला तो तिथेच. अक्का पडल्या पडल्या विचारतायत, "सोडू का?" मी बघतच राहिले. काय ताकद! फक्त खोकल्याच्या आधी आवळायची सवय नव्हती, एवढंच.

"अन् ऑपरेशन?" सुनेनं विचारलं.

"नको," मी पुटपुटले.

अक्का उठून बसल्या. "बाई, आता तुह्यं दाखव बरं. बरोबर कसं दिसते, पाहू दे."

उत्साहाच्या भरात मी चढले की टेबलावर! सकाळपासून बाथरूमला जायलाही सवड मिळाली नव्हती, त्यामुळे तयारी पूर्ण होती. नर्सनं प्रोब धरला. माझा तळ जरासा थरथरला, आणि बसला खाली!

"धर ना व माय!" स्टुलावरून अक्का ओरडल्या. "गाल नको फुगवू!"

तीन महिन्यांनी अक्का पुन्हा आल्या. रोज आवळायचा सराव केला होता. अमळनेरला लग्नाला जाऊन आल्या होत्या, मनमुराद हसून आल्या होत्या. चेहरा कसा उजळलेला! हात जोडावेत अशी बाई.

"माह्यं बरं झालं. तुह्यं काय म्हनते?"

"उत्तम!" मी म्हणाले, आणि नेमकी मला शिंक आली.

अक्का हळूच उठल्या आणि माझ्यासाठी बाथरूमचं दार उघडून उभ्या राहिल्या.