परत पाठवलेली दोन पाकिटं

आमच्या घरची एक गोष्ट आहे. लग्नात, बारशात, चार माणसं बसली की ती मलाच सांगावी लागते. जमिनीच्या दाव्यात बेलीफ समन्स घेऊन आला, की माझे वडील मागच्या दारानं तुरीच्या रानात जाऊन लपायचे. बेलीफ ओसरीवर चहा पिऊन परत जायचा. असं चारदा झालं. शेवटी समोरची पार्टीच थकली आणि बांधावर मिटवामिटव झाली. कागद हातात घेतला न्हाई तर लागू होत न्हाई, एवढंच माझं कायद्याचं शिक्षण.

बायको शेजारच्या तांड्यावरच्या छोट्या अंगणवाडीत सेविका होती. सतरा वर्षं, हाताखाली मदतनीस न्हाई, एकटीच. एकदा जिल्ह्याहून तपासणीची गाडी आली, तर दाराला कुलूप. काही दिवसांनी पोस्टमन रजिस्टर पाकीट घेऊन आमच्या दारात.

"घेऊ नको," मी शिक्का बघूनच म्हणालो.

"आवो, बघू तरी काय लिवलंय." तिचे हात पिठात होते.

"घेतलं की अडकलीस. आमच्या बापानं..."

"मामंजीला लपायला तूर होती. मी कुठं लपू?"

पोस्टमननं पाकिटावर 'घेण्यास नकार' लिहिलं. पुढं दुसरं आलं, तेही परत. त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो, की पोस्टमनला भजी खाऊ घातली.

तिसरं आलंच नाही. सुपरवायझर बाई अंगणवाडीची चावी मागायला आल्या. सेवा समाप्त.

अपिलाला हिंगोलीला गेलो. तिथल्या साहेबांनी परत गेलेल्या पाकिटातली नोटीस वाचून दाखवली. अमुक दिवशी केंद्र बंद का होतं, सात दिवसांत खुलासा करावा, समक्ष बोलायचं असल्यास हजर राहावं. बस, एवढंच होतं त्यात.

"मी त्या दिवशी हट्टा गावात मीटिंगला होते, साहेब," ती म्हणाली. "तुमच्याच हापिसानं बोलावलं व्हतं. हजेरीवर सही हाय माझी."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग हे तेव्हाच का नाही कळवलं, ताई? दोनदा संधी दिली होती."

मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत राहिलो. पोलिओ, गोवर, धनुर्वात.

"मीच घेतलं न्हाई पाकीट," ती म्हणाली.

महिन्याभरानं निकाल आला. संधी देऊनही म्हणणं मांडलं नाही, जागेवर नवी नेमणूक झालेली आहे, अपील नामंजूर. ते पाकीट तिनं सही करून घेतलं. मला म्हणाली, "तुमी आत बसा." मी आत जाऊन बसलो.

परवा साखऱ्याला भाच्याच्या लग्नात कुणीतरी ओरडलं, "मामा, बेलिफाची गोष्ट होऊ द्या!" मी घसा साफ केला. परत साफ केला. ती पंगतीत भाजी वाढून राहिली होती.

"सांगा की," माझ्याकडं न बघता म्हणाली. "लोक थांबलेत."

मी सांगितली. बेलीफ, चहा, तूर, सगळं. लोक बराबर नेहमीच्या जागी हसले. ती तोवर पुढच्या पानावर गेली होती.